‘पाकिस्तानचा व्हायरस’ ते लग्नाची पत्रिका : हॅकरची भीती किती खरी, किती खोटी?

२०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू होतं तेव्हा गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन मेसेज फिरत होते. पहिला असा, की ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाचा व्हिडिओ पाकिस्ताननं सोडलाय, तो उघडला की मोबाईल कोरा होतो आणि खात्यातले पैसे जातात. दुसरा असा, की व्हायरसच्या हल्ल्यामुळं एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, तेव्हा आजच पैसे काढून ठेवा. तिसरा तर थेटच होता : सायबर हल्ल्यात देशातली ७० टक्के वीज यंत्रणा बंद पडली. हा तिसरा मेसेज लोक फिरत्या पंख्याखाली बसून, मोबाईल चार्जिंगला लावून वाचत होते.

तिन्ही खोटे होते. एटीएमचा आणि विजेचा दावा खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं त्याच दिवसांत जाहीर केलं. हिलरीच्या नाचाचा व्हिडिओ असल्याचा पुरावा तर कुठंच सापडला नाही.

भीती मात्र खरी होती. आमच्या वाडीतल्या एका आजींनी मोबाईल बंद करून फडक्यात गुंडाळून धान्याच्या कणगीत ठेवला होता. मुंबईचा मुलगा दोन दिवस फोन लावत होता, शेवटी त्यानं शेजाऱ्याला पाठवलं. आजींचं म्हणणं एकच, ‘पेन्शनचं पैसं त्यात हाईत.’ पैसे मोबाईलमध्ये नसतात, बँकेत असतात, मोबाईल ही फक्त बँकेपर्यंत जायची एक वाट आहे, हे त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. हसू येतं, पण आजींची काळजी काही वेडगळ नव्हती. ज्याची सगळी पुंजी पंधरा-वीस हजार असते, त्यानं घाबरायचं नाही तर कुणी? प्रश्न एवढाच, की घाबरायचं कशाला.

आता त्या हिलरीचं बघा. हाच मेसेज काही वर्षांपूर्वी ‘डान्स ऑफ द पोप’ या नावानं फिरला होता. २०१७ मध्ये स्पेनमध्ये ‘मार्टिनेली’ नावाच्या व्हिडिओची अशीच अफवा उठली आणि तिथल्या पोलिसांना खुलासा करावा लागला. नाव बदलतं, मजकूर तोच राहतो. मे महिन्यातल्या फॉरवर्डमध्ये एका फाईलचं नावही दिलं होतं, शेवटी ‘डॉट ईएक्सई’ असलेलं. ती फाईल खरी आहे, पण ती २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ व्हायरसची, आणि विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालणारी. आपल्या अँड्रॉइड मोबाईलवर ती चालतच नाही. ट्रॅक्टरला कडबा घातल्यासारखं आहे ते. मेसेज बनवणाऱ्यानं कुठूनतरी एक खरा शब्द उचलला आणि खोट्यात कालवला. अफवेला असा एखादा खरा दाणा लागतोच.

मग त्या महिन्यात खरोखर काय झालं? हल्ले झाले, त्यात शंका नाही. महाराष्ट्र सायबर विभागानं ‘रोड ऑफ सिंदूर’ नावाचा अहवाल काढला. त्यात सांगितलंय, की भारतातल्या वेबसाईटवर साधारण १५ लाख हल्ल्यांचे प्रयत्न झाले आणि त्यातले १५० यशस्वी झाले. त्यात आपल्या राज्यातली एक म्हणजे कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची वेबसाईट. तिचं रूप हल्लेखोरांनी बदललं. म्हणजे काय, तर रात्रीतून कुणीतरी येऊन ग्रामपंचायतीच्या फलकावर काळं फासून आपलं नाव लिहून जावं, तसं. चीड आणणारं आहे, लाजिरवाणंही आहे. पण फलकाला काळं फासलं म्हणून आत कपाटातलं दप्तर जळत नाही.

वीज यंत्रणा बंद पडल्याची बातमी आणि नगरपरिषदेचा बिघडलेला फलक, या दोन्हींत केवढं अंतर आहे ते बघा. आपण घाबरलो पहिल्याला.

‘फॉरवर्डच केलं, बिघडलं काय?’

असं म्हणणारे बरेच भेटतात. जत तालुक्यातल्या लवंग्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलं नसेल. १३ सप्टेंबर २०२२ ला उत्तर प्रदेशातून आलेले चार साधू कर्नाटकातून पंढरपूरकडे निघाले होते. मुलं पळवणाऱ्या टोळीचे म्हणून त्यांना गावकऱ्यांनी मारहाण केली. त्या दिवसांत मुलं पळवण्याचे मेसेज सगळीकडे फिरत होते. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरेच साधू निघाले. ते चौघे वाचले. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी अशाच अफवेतून जिवानिशी गेले.

हॅकरच्या अफवेत कुणाचा जीव जात नाही, हे मान्य. पण यंत्र तेच असतं. न बघितलेला शत्रू, ‘सगळ्यांना पाठवा’ अशी घाई, आणि पाठवणारा आपल्याच ओळखीतला, म्हणून विश्वास. ही सवय लागली, की पुढं त्या सवयीचाच धंदा करणारे भेटतात. त्यांच्याबद्दल पुढं सांगतोच.

पिक्चरमधला हॅकर

आपल्या डोक्यात हॅकरचं एक चित्र आहे. अंधारी खोली, हिरवी अक्षरं, फटाफट बटणं दाबणारा पोरगा, आणि दोन मिनिटांत शहराचे सिग्नल, बँका, धरणं सगळं त्याच्या हातात. हे चित्र पिक्चरनं दिलंय. साऊथचे डब केलेले पिक्चर रात्री टीव्हीवर लागतात, त्यात तर हॅकर बघता बघता शेतकऱ्याच्या कर्जापासून मंत्र्याच्या खात्यापर्यंत सगळीकडे शिरतो.

या चित्राला मोठी माणसंही घाबरली आहेत. जून १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ‘वॉरगेम्स’ हा पिक्चर बघितला. त्यात एक शाळकरी पोरगा घरच्या कॉम्प्युटरवरून लष्कराच्या अण्वस्त्रांच्या यंत्रणेत घुसतो. रेगन यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? काही दिवसांनी उत्तर आलं, की परिस्थिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा वाईट आहे. पुढच्या वर्षी अमेरिकेनं सरकारी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा आदेश काढला. म्हणजे कल्पनेतल्या भीतीचा कधी कधी उपयोगही होतो, पण ज्याच्या हातात कुलूप लावायचं काम आहे त्याला. तुम्हाआम्हाला त्या भीतीचा उपयोग काय?

आपल्याकडं पाऊसकाळात एक प्रश्न हमखास निघतो. कोयनेचे दरवाजे हॅकरनं उघडले तर? कोयनेत १०५ टीएमसीहून जास्त पाणी मावतं, सहा वक्री दरवाजे आहेत, आणि खाली कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठ भरलेला आहे. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांनी हा प्रश्न विचारणं साहजिक आहे. पण तो पूर आणायला हॅकर लागला नव्हता. पाऊस, धरणांतला विसर्ग, नदीतली बांधकामं आणि अलमट्टीचा वाद, यावर आजही भांडणं चालू आहेत. आणि कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला बरेच तास जातात. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, गावांना इशारा जातो, पुलाजवळच्या पाण्याची पातळी फुटा-इंचात मोजली जाते. म्हणजे वाटेत डोळ्यांनी बघणारी माणसं आहेत. यंत्रणेची सुरक्षा तपासत राहिलं पाहिजे, त्यात वाद नाही. पण पाणी वाढतंय का हे कळायला पाटबंधारे विभागाचा आकडा बघा, मामाच्या मुलाच्या मित्रानं पाठवलेला ऑडिओ नको.

विजेचंही तसंच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, दवाखान्यांना जनरेटर लावावे लागले. २०२१ च्या मार्चमध्ये एका परदेशी कंपनीच्या अहवालावरून बातमी आली, की यामागं चिनी हॅकर असावेत. त्यावेळचे राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा दाखला देत घातपाताची शक्यता सांगितली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, हल्ल्याचे प्रयत्न झाले हे खरं, पण मुंबईची वीज मानवी चुकीमुळं गेली. एकाच घटनेची दोन सरकारांनी दोन कारणं सांगितली. अशा वेळी गावातल्या माणसानं छातीठोक ‘चीननं लाईट घालवली’ असं सांगत फिरण्यात अर्थ नाही. कोयनेमुळं मुंबई याआधीही थांबली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, वीजनिर्मिती बंद पडली आणि मुंबईतल्या कारखान्यांना फटका बसला. तेव्हा इंटरनेट जगात कुणाकडं नव्हतं. आणि खरं बोलायचं तर आपल्याकडं लाईट जायला हॅकर कशाला, बाभळीची एक फांदी पुरते.

हॅकरनं वीज खरोखर घालवल्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण युक्रेनचं आहे. २३ डिसेंबर २०१५ ला तिथं साधारण सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, काही ठिकाणी सहा तासांपर्यंत. ते मुळातून वाचलं तर दोन गोष्टी दिसतात. हल्लेखोर आत शिरले ते वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आलेल्या एका ईमेलमधून. त्यात वर्डची फाईल होती, ती कुणीतरी उघडली आणि फाईलनं मागितलेली परवानगी देऊन टाकली. आणि वीज परत आली ती कशी? माणसं सबस्टेशनवर गेली आणि त्यांनी हातानं स्विच टाकले. आपल्या भाषेत सांगायचं तर आतल्या माणसानं कडी काढली म्हणून चोर आला, आणि वायरमननं जाऊन डीओ टाकला म्हणून लाईट आली. पुढचं सगळं समजून घ्यायला हे ध्यानात ठेवा.

पुण्यातला खरा दरोडा

खरा, मोठा हल्ला आपल्या शेजारीच झालाय. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत हॅकर शिरले. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ बँकेच्या बाजूनं ‘दे’ किंवा ‘देऊ नको’ म्हणणारी जी यंत्रणा असते तिला स्विच म्हणतात. हॅकरनी आपला एक खोटा स्विच मध्येच बसवला. तो प्रत्येक कार्डाला ‘दे’ म्हणत होता. सोसायटीत सचिवाच्या खुर्चीवर भलताच माणूस बसून उचल मंजूर करत सुटावा, असा प्रकार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ तारखेला, हाँगकाँगच्या एका बँकेत जवळपास १४ कोटी वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

भारतातले जे अडीच कोटी होते, त्यातले काही कोल्हापूरच्या एटीएममधून निघाले. हॅकर कुठं होता? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं या प्रकरणात उत्तर कोरियाकडे बोट दाखवलंय. पण उत्तर कोरियातला माणूस कोल्हापूरच्या मशीनमधून नोटा ओढू शकत नाही. त्यासाठी इथं, रांगेत उभी राहणारी, खिशात बनावट कार्डांची चळत घेतलेली माणसं लागतात. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. ते अशा कामातले होते, कार्ड जमवणारे, पैसे काढणारे, वाटून घेणारे. कॉम्प्युटरचा मोठा जादूगार त्यांच्यात नव्हता.

आणखी एक. ते पैसे बँकेचे गेले. कुणा ठेवीदाराच्या खात्यातून रक्कम वजा झाली नाही, असं बँकेनं सांगितलं. म्हणजे पिक्चरसारखा खरा हल्ला झाला तेव्हा तो बँकेच्या भिंतीवर झाला, आणि ती भिंत सांभाळायचं काम बँकेचं आहे. आपल्या भागातल्या लोकांना बँकेत पैसे बुडण्याचा अनुभव आहे, पण तो हॅकरमुळं नाही. कराड जनता बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला, तो कारभारामुळं. अशा वेळी ठेव विम्यातून पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते. पण तुम्ही स्वतः फसून पैसे पाठवले, तर तो विमा लागू होत नाही. हा फरक पुष्कळ जणांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आपलं दार

आता आपल्या मोबाईलकडं या. हात न लावता, काही न दाबता मोबाईलमध्ये शिरणारं सॉफ्टवेअर जगात आहे का? आहे. २०२१ मध्ये ‘पेगॅसस’वरून देशभर गदारोळ झाला तो त्याचसाठी. ते बनवणारी इस्राईलची कंपनी म्हणते, आम्ही ते फक्त सरकारांना विकतो, आणि त्याची किंमत प्रचंड असते. वीस गुंठे ऊस असलेल्या माणसाच्या मोबाईलमागं कुणी एवढा खर्च करत नाही. त्याच्यासाठी स्वस्तातला उपाय आहे. त्यालाच दार उघडायला लावायचं.

ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन पळतो, तेव्हा तो कपाट फोडतो का? द्राक्षाचा व्यापारी पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो आणि तिसऱ्या गाडीला गायब होतो, तेव्हा त्यानं कुठलं कुलूप तोडलं? तासगाव, मिरज, पलूसकडं हे दरवर्षी ऐकतो. मोबाईलवरचा चोर याच जातीचा आहे. फक्त त्याचं तोंड दिसत नाही.

त्याचं सध्याचं आवडतं हत्यार म्हणजे एपीके फाईल. एपीके म्हणजे अँड्रॉइड मोबाईलवर अ‍ॅप बसवायची फाईल. प्ले स्टोअर सोडून बाहेरून आलेली. ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते. नाव असतं ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’, ‘बँक केवायसी’ नाहीतर ‘लग्नपत्रिका’. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला लग्नाचं निमंत्रण आलं, ३० ऑगस्टचं. पत्रिका समजून त्यांनी फाईल उघडली आणि एक लाख ९० हजार रुपये गेले. लग्नसराईत आपल्याला किती पत्रिका मोबाईलवर येतात ते आठवा.

नुसती फाईल येऊन काही होत नाही. ती दाबली की मोबाईल विचारतो, ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू का?’ मग अ‍ॅप विचारतं, ‘तुमचे एसएमएस वाचू का? कॉल बघू का?’ आपण न वाचता ‘हो, हो, हो’ करत जातो. एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी त्याला दिसतो. युक्रेनच्या कर्मचाऱ्यानं जे केलं तेच आपण केलं. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसलं तर ती पत्रिका नाही, मग पाठवणारा सख्खा मेहुणा का असेना. त्याचाही मोबाईल आधीच गेलेला असू शकतो आणि फाईल त्याच्या नकळत सगळ्यांना जात असते. मेहुण्याला फोन करून विचारा.

ओटीपीचा घोळ

‘ओटीपी कुणालाही देऊ नका’ हे आता शाळेतली पोरंही म्हणतात. पण गावात हा नियम पाळता येत नाही, हे शहरातल्या जाहिरातवाल्यांना कोण सांगणार? शेतकरी ओळख क्रमांक काढायला सीएससी केंद्रावर गेलं की ओटीपी सांगावा लागतो. गॅस सिलिंडर देणारा कोड विचारतो. परिणाम असा झालाय, की काही म्हातारी माणसं केंद्रावर ओटीपी द्यायला नकार देतात, त्यांचं काम अडतं, हप्ता अडकतो. आणि तीच माणसं फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तोच ओटीपी देतात, कारण तो साहेबासारखं बोलतो.

त्यामुळं मला वाटतं, नियम थोडा बदलून सांगायला हवा. काम कुणी सुरू केलं ते बघा. तुम्ही स्वतः केंद्रावर गेलात, समोर बसलात, तुमच्या कामासाठी मेसेज आला, तर तो वाचून सांगण्यात हरकत नाही. समोरून फोन आला, काम त्यानंच काढलं, तर नाही. आणि सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या. ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. शेतकरी ओळखीचं काम चाललंय आणि मेसेजमध्ये रुपयांचा आकडा दिसतोय, तर काहीतरी गडबड आहे. यूपीआय पिनचं तर सोपं आहे. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. म्हैस विकायची जाहिरात टाकली आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘ॲडव्हान्स पाठवतो, पिन टाका’, तर ते गिऱ्हाईक नव्हे.

अंगठ्याचंही बघा. आधारवर अंगठा लावून पैसे काढताना ‘सर्व्हर गेलं, पुन्हा लावा’ असं म्हटलं तर आधी पावती किंवा बँकेचा मेसेज तपासा, मग दुसऱ्यांदा लावा. आधारच्या अ‍ॅपमध्ये अंगठ्याला कुलूप लावता येतं. मात्र ते लावलं की रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही, तिथं जाण्याआधी काढावं लागतं. घरात अ‍ॅप चालवणारं कुणी असेल तरच या वाटेला जा.

भीतीचाच धंदा

आता मघाचा राहिलेला मुद्दा. जे लोक हॅकरला सगळ्यात जास्त घाबरतात, त्यांनाच फसवणं सोपं जातं. कारण फोन करणारा सुरुवातच तिथून करतो. ‘तुमचं खातं हॅक झालंय. पैसे वाचवायचे असतील तर लगेच या सुरक्षित खात्यात टाका.’ किंवा, ‘तुमच्या आधारवर सिम काढून गुन्हा झालाय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.’ समोर खाकी कपडे, मागं पोलिस ठाण्याचा देखावा, मोबाईलवर सीबीआयच्या नावाचा शिक्का मारलेली नोटीस. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. तरी निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी यात सापडतात. ते अडाणी नसतात. त्यांना एकटं पाडलेलं असतं.

‘घरात कुणाला सांगू नका’ हे वाक्य ऐकलं, की आधी घरातल्याच कुणालातरी हाक मारा. खरा हवालदार गावात आला तर पोलिस पाटलाला आधी भेटतो, हे आपल्याला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलिस अजून तयार व्हायचाय.

आणि तरुण पोरांसाठी एक. कोल्हापूरच्या एटीएमपुढं उभं राहणारी माणसं लागली, तशीच आता बँक खाती लागतात. ‘तुझं खातं महिनाभर दे, पाच हजार देतो, एटीएम कार्ड आणि सिम माझ्याकडं राहील,’ असं म्हणणारे कॉलेजच्या कट्ट्यावर, ढाब्यावर भेटतात. त्या खात्यात कुणाच्या तरी आजीची पेन्शन येऊन पुढं जाते. पोलिस येतात ते ज्याच्या नावावर खातं त्याच्याकडं. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरावर गुन्हा दाखल झाला तर पुढं काय होतं ते सांगायला नको.

पैसे गेले तर

१९३० हा नंबर लावा. किती उशीर झाला त्यावर सगळं असतं. तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात गेले तिथं ते गोठवता येतात, पुढं तीन-चार खात्यांत फुटले की हाती लागत नाहीत. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारे फार आहेत, त्यात वेळ जातो.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे, तो सहकारी बँकांनाही लागू केलेला आहे. चूक बँकेची असेल तर नुकसान तुमचं नाही. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, तिसऱ्यानंच केलं असेल, आणि तुम्ही मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तरीही नुकसान तुमच्यावर येत नाही. तुम्ही स्वतः पिन, ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर पुढं जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्यात फायदाच आहे.

फोन लावताना हाताशी ठेवा : तारीख, वेळ, रक्कम, बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक, आणि ज्या नंबरवरून फोन किंवा फाईल आली तो नंबर. चॅट पुसू नका. एपीके बसवलेली असेल तर आधी मोबाईलचं नेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा. सातारा आणि सांगली दोन्हीकडं जिल्हा पोलिसांचं सायबर पोलिस ठाणं आहे, पण तिथवर जायला जमत नसेल तर जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. बँकेत तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि वेळ घालून पोच घ्या.